पट्ट्याची खांदशेकणी

इकडे ये गं पोरी, अशी जवळ बस. त्या खुर्चीवर नको, इथे सतरंजीवर. सकाळी फाटकातून तुझी गाडी आत आली ती किंकाळी फोडतच. समोरची म्हातारी काय झालं म्हणून बाहेर आली. आणि तू म्हणतेस, "काही नाही आजी, बेल्ट जुना झालाय, चालतंय अजून." चालतंय म्हणे! एवढी शिकलीस, आणि गाडी ओरडून सांगते तर तू आतलं गाणं मोठं करतेस? तुला कोणी काही म्हणत नाही, म्हणून मीच म्हणते. तो एवढासा पट्टा माणसाचं काय करू शकतो ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ऐक आता. आणि मध्ये मध्ये फोन बघू नको.

आम्ही तेव्हा गोंदियाजवळच्या गोरेगावला भाड्याने राहत होतो. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. तुझे आजोबा नागझिऱ्याच्या अभयारण्याच्या गेटवर ड्युटीला, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. घरमालकांना सगळं गाव काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला काकी. धानाची शेती, पुढे राहतं घर, मागे मोठं अंगण, अंगणाच्या टोकाला गोठा.

सामान उतरवलं त्याच दिवशी मी मागे पाणी आणायला गेले, सहज गोठ्यात डोकावले आणि घागर हातातच राहिली. गोठ्यात गाय नाही, बैल नाही. एक जुनी पांढरी मोटार उभी. तिच्या पुढच्या दांडीला जाड दावं बांधलेलं आणि दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला. दांडीला मध्यभागी पितळेची घाटी, बैलाच्या गळ्यात घालतात ती घंटा. पुढे गव्हाण, आणि गव्हाणीत कडब्याच्या जागी पाने, पक्कड, हातोडी, तेलाचा डबा, सगळं नीट मांडलेलं.

काकाजी तिथेच कापसाच्या बोळ्याने काच पुसत होते.

"काकाजी," मी म्हटलं, "गाडी काऊन बांधून ठेवली?"

"मंग?" ते माझ्याकडे असे पाहू लागले जसं मीच काही भलतं बोलले. "मोकळी सोडू?"

मला वाटलं थट्टा करत आहेत, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. माझं हसू मग कुठे ठेवावं ते मला कळेना.

काकीने नंतर सांगितलं. ट्रॅक्टर आला तसे बैल विकावे लागले. खाटकाला नाही, चांगला शेतकरी पाहून दिले, तरी गोठा रिकामा झाल्यापासून या माणसाला जेवण जाईना. पहाटे उठून रिकाम्या गव्हाणीशी उभा राहायचा. मग रायपूरकडून ही जुनी मोटार आणली आणि सरळ गोठ्यात नेऊन बांधली. "तवापासून जेवते," काकी म्हणाली, "म्हनून मी काही बोलत नाई. बांधू दे नाई तं पाजू दे."

गाडीला ते मागे घेत नसत. बैल उलटा चालतो का? नाही. मग ही कशी चालेल? वळायचं असलं तर तलावाला पूर्ण फेरा घालून यायचे. एकदा बाजाराच्या दिवशी बाजाराच्या तोंडाशी अरुंद रस्त्यात समोरून एसटी आली. मी मागे भाजीची पिशवी घेऊन बसलेली. एसटीचा ड्रायव्हर गोंदियाचा, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "दादा, थोडा पीछे लो ना!"

"मांगं नाई जात हे."

"क्यों? रिवर्स खराब है क्या?"

"खराब कायले असन? जातच नाई मांगं."

"गाड़ी है के भैंस है, यार?"

"बैल हाय," काकाजी म्हणाले आणि हात बांधून बसले.

मी पदर तोंडावर घेतला. टमाटेवाली उठून पाहायला आली. कंडक्टर उतरला, त्याने काकाजींकडे पाहिलं, घाटीकडे पाहिलं, आणि मग पोरी, माणसांनी भरलेली ती एसटी शिट्टी मारत मारत मागे गेली! माझा विश्वास बसेना. काकाजींनी गाडीच्या दारावर बाहेरून थाप दिली, बैलाच्या पाठीवर देतात तशी, आणि निघाले.

हॉर्न वाजवत नसत, तेही सांगते. डोकं बाहेर काढून "होऽऽ बाजूलेऽ" असं ओरडत. कोणी हसलं तर एकच म्हणायचे, "मुक्या जिवाले समजून घ्या लागते." मुक्या जिवाला समजून घ्यायचे खरे. घरात एक बोलतं माणूस होतं, त्याचं मात्र त्यांच्या कानावर जात नव्हतं.

काकीचं माहेर देवरीच्या पलीकडे, जंगलातलं गाव. तिची आई पावसाळा लागल्यापासून अंथरुणावर होती. काकी रोज भाकर वाढताना म्हणायची, "एक दिवस नेऊन सोडा ना. मायले पाहून येतो." काकाजी म्हणायचे, "धानाची रोवणी होऊ दे." रोवणी झाली. मग म्हणाले, "पोळा होऊ दे. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी नेतो." काकीने एकदा म्हटलं की मी बसनेच जाते. तर काकाजींचा चेहरा उतरला. "घरी गाडी असून सासुरवाडीले बायको बसनं पाठवू? लोक काय म्हनतीन?" वाईट माणूस नव्हता गं. त्याच्या डोक्यात प्रत्येक गोष्टीचा दिवस ठरलेला होता, आणि मरणाने तो दिवस पाहून यावं अशी त्याची समजूत असावी.

त्या महिन्यातच गाडी ओरडायला लागली. सुरू केली की किंकाळी. तुझ्या गाडीसारखीच. काकाजी गोंदियाला घेऊन गेले. तिथल्या मिस्त्रीने बोनेट उघडून सांगितलं, "काकाजी, आल्टरनेटर का बेल्ट गया. दरार पड़ गई है. बैठो, अभी डाल देता हूँ." काकाजींनी पट्टा विकत घेतला, खिशात घातला आणि ओरडणारी गाडी तशीच घरी आणली. मिस्त्रीला हात लावू दिला नाही.

"काऊन?" मी विचारलं.

"परका मानूस खांद्याले हात लावन?" म्हणाले.

मला कळेना, गाडीला कुठला आला खांदा. मग त्यांनी बोनेट उघडून मला समजावून सांगितलं. पुढे पंखा, खाली इंजिनाचं चाक, बाजूला आल्टरनेटर म्हणजे बॅटरी भरणारं यंत्र. इंजिनाच्या चाकावरून तो एक पट्टा बाकीच्यांना फिरवतो. पाणी खेळवणारा पंपही त्याच्यावरच. "सारा भार ह्याच्यावर. जू हाय हे. मंग ह्याचा दिवस कोनता?"

दिवस कोणता ते तुला आता सांगावं लागेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून खांदे सोलपटतात, म्हणून तूप-हळद एकत्र करून पळसाच्या पानाने त्यांच्या खांद्याला चोळतात, आणि हात जोडून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. त्या आवतनापासून पोळा होईपर्यंत बैलाला जुंपत नाहीत. काही झालं तरी नाही.

तर त्या दिवशी काकाजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गोठ्यात आले आणि मला हाक मारली. "बाई, या जरा. सब्बल धरा लागते."

सब्बल म्हणजे पहार. मी गेले. आधी त्यांनी बॅटरीची तार सोडली, "ठिणगी नाई पायजे." मग आल्टरनेटरचे बोल्ट. खालचा निघाला, वरचा गंजून बसलेला. तेल टाकलं, वाट पाहिली, पान्यावर हातोडी मारली, तेव्हा कुठे कर्रकन हलला. आल्टरनेटर आत ढकललं तसा पट्टा सैल पडला. तो पंख्याच्या एकेका पात्यावरून काढून बाहेर आणला तर आतून पार तडकलेला, जुन्या चपलेसारखा. नवा त्याच वाटेने आत घातला. मग सब्बलेचं टोक आल्टरनेटरच्या मागे लावून मला म्हणाले, "ओढा बाहेरच्या बाजूनं. अजून. बस्स, धरा!" मी दात खाऊन धरलं आणि त्यांनी बोल्ट कसले. अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. थोडासा दबला. "असाच पायजे. ताणला तं बेअरिंग खाते, सैल ठेवला तं घसरते." इथपर्यंत, पोरी, कोणत्याही मिस्त्रीने शाबासकी द्यावी असं काम.

मग त्यांनी वाटी पुढे ओढली. वाटीत तूप-हळद.

पळसाचं पान बुडवून त्यांनी तो कोरा करकरीत पट्टा चोळायला सुरुवात केली. वरून, आतून, कडेने. पंखा हाताने फिरवत फिरवत सगळा पट्टा पिवळा केला. मी सब्बल हातात घेऊन बघतच राहिले.

"काकाजी," मी म्हटलं, "तुपानं घसरन ना हो ते."

"बैल घसरते काय?"

"बैल आन् पट्टा..."

"बाई," ते फार शांतपणे म्हणाले, "वर्षभर ओढते. एक दिवस तूप खाऊ द्या." हात जोडले, आवतन दिलं, बॅटरीची तार जोडून बोनेट लावलं. गाडी सुरू करून पाहिली नाही. आवतन दिल्यावर जुंपतात का?

दुसऱ्या दिवशी पोळा. काकीने पहाटेपासून पुरण घातलेलं. काकाजींनी गाडीला बेगड लावली, बोनेटवर झूल टाकली. दुपारी घरातला फोन वाजला. मी व्हरांड्यात वड्यांसाठी डाळ वाटत होते, मला फक्त काकीचा आवाज ऐकू आला. "हो दादा. हो. बोलत नाई का? डोळे तं उघडते ना?" मग फोन ठेवल्याचा आवाज.

ती बाहेर आली, हात पुरणाचे. "दादाचा फोन होता. मायचं काही खरं नाई. आताच चला."

काकाजी झुलीची गाठ मारत होते. "आज?"

"आज नाई तं कवा?"

"उद्या सकाळीच नेतो. उजाडल्याबरोबर. आज त्याले आवतन देल्लं हाय ना."

मी पाट्यावरचा हात उचलला. आता काकी रडेल, मग आत जाईल, असं मला वाटलं. तिथे राहायला आल्यापासून तिचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. ती रडली नाही. गोठ्यात गेली, पुरणाच्याच हातांनी खुंट्याचं दावं सोडलं, ते गोळा करून आणलं आणि काकाजींच्या पायाशी आपटलं.

"तुमचा बैल असन. माही माय हाय! बैलाले सुट्टी हाय, तिले हाय काय? चालवत नसान तं सांगा, मी पायी निघतो."

काकाजी तर अशा तोंडाने उभे, जणू खांबानेच त्यांना शिवी दिली. बस विचारावी तर कोहमाऱ्याची गाडी निघून गेलेली. जीपवाले सगळे बैल घेऊन पोळ्याच्या तोरणाखाली. काकीने चप्पल घातली आणि खरोखर फाटकाकडे चालू लागली.

तेव्हा काकाजी धावले. झूल ओढून फेकली, किल्ली घेतली. मला म्हणाले, "बाई, तुमी चला तिच्यासंगं." मी पाट्यावरची डाळ झाकली आणि बसले.

गाडी सुरू झाली आणि ओरडली नाही. अगदी गुपचूप निघाली. काकाजींना तेवढ्यातही बरं वाटलं. "पाहा! तूप भेटलं तं कसा शांत झाला." पुढे काचेखाली एक लाल दिवा लागला होता. मी म्हटलं, "काकाजी, हा काऊन लागला?" ते म्हणाले, "लागते कधी कधी." काकी खिडकीबाहेर पाहत होती.

कोहमारा गेलं, देवरीच्या रस्त्याला लागलो, दोन्हीकडे जंगल. तिथे मला वास आला. पुरण करपल्यासारखा. काकी दचकून म्हणाली, "गॅसवर काही राह्यलं काय वो?" मी म्हटलं, "नाई, मी बंद केला." वास वाढत गेला. मग ती ओळखीची किंकाळी आली, पण घोगरी, गळा दाबल्यासारखी, आणि बोनेटच्या फटीतून पिवळसर धूर, त्यामागून वाफ. काकाजींनी गाडी कडेला घेतली. बोनेट उघडलं तर आत सगळीकडे तूप उडालेलं. इंजिनावर, पंख्यावर, बॅटरीवर हळदीचे शिंतोडे. पाणी उकळत होतं. त्यांनी फडक्याने पट्टा धरून ओढला, तो चाकावरून नुसता सटकत होता.

ते पट्ट्याकडे पाहत राहिले. मग एकदम खाली बसले, धुतलेल्या धोतरासकट मुरमात. "म्या माह्या हातानं केलं," म्हणाले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. एवढा मोठा माणूस, पोरी. ट्रक जात होते, ड्रायव्हर वाकून पाहत होते. मला काय करावं सुचेना. मी हादरून उभी होते, कारण माझ्या डोक्यात एकच, की तिकडे ती म्हातारी श्वास मोजते आहे आणि इकडे आम्ही तुपात अडकलो.

काकी खाली उतरली. वाकून आत बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"रडाले मांगून टाइम हाय. उठा. तूपच लागलं ना?"

"हो."

"मंग घासा लागते. तुपाचं भांडं काय रडून निघते?"

रस्त्याच्या पलीकडे टोली होती, थोडी घरं. काकी गेली आणि कोणाच्या तरी चुलीतली राख टोपलीभर घेऊन आली. तिच्या मागे तोरणातून परतलेला एक शेतकरी, शिंगं रंगवलेली बैलजोडी धरून, बघायला. काकाजींनी डोळे पुसून बोल्ट सैल केले, पट्टा काढून आम्हा दोघींच्या हातात दिला. आम्ही धानाच्या बांधीतल्या पाण्याशी बसून राखेने घासला, धुतला, पुन्हा घासला, पदराने कोरडा केला. चाकांच्या खाचा काकाजींनी राखेच्या चिंधीने पुसल्या, बोट घालून घालून. पाण्याचं झाकण मात्र उघडता येईना. गरम असताना उघडलं तर तोंड भाजेल. थांबावंच लागलं. ते थांबणं सांगता येत नाही. काकी रस्त्यावर उभी राहून देवरीच्या दिशेला पाहत होती आणि काकाजी काकीकडे.

पट्टा ताणायला सब्बल नव्हती, ती गोठ्यात राहिली होती. शेतकऱ्याने विचारलं, "काय पायजे?" काकाजींनी सांगितलं. तो घुटमळला. "आज बैलबंडीले हात नाई लावत आमी."

काकाजींनी पाना खाली ठेवला.

काकी म्हणाली, "भाऊ, माही माय चालली."

तो गेला, बंडीच्या कडेची जाड उभारी, म्हणजे उभा दांडा, उपसून आणली आणि स्वतःच लावून धरली. काकाजींनी बोल्ट कसले. झाकण उघडून पाणी भरलं. गाडी सुरू झाली, लाल दिवा विझला. आम्ही निघालो. वाटेत तोरणातून परतणारी एक बैलजोडी आडवी आली तेव्हा काकाजींनी हॉर्न वाजवला. मी पहिल्यांदा ऐकला तो.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ओसरीत बायका बसलेल्या, त्यांच्या गप्प बसण्यावरून मला वाटलं, संपलं. काकीचे पाय दारातच थबकले. तिचा भाऊ उठून आला. "हाय अजून," म्हणाला. "तुळशीचं पानी देल्लं."

काकी खाटेशी बसली. हात राखेने काळे, नखांत हळद. तिने आईच्या गालाला हात लावला. "माय. वो माय. मी होय."

पदराने तिचं कपाळ पुसलं. मग म्हातारीने डोळे उघडले. आधी वर पाहिलं, मग हिच्याकडे.

"जेवली काय?" म्हणाली.

सगळी ओसरी रडायला लागली. दिवसभर न बोललेली बाई, आणि हे विचारते!

काकाजी उंबऱ्याबाहेर उभे होते, आत यायची हिंमत नाही. म्हातारीच्या ते नजरेस पडले. "जवाई बाहेर काऊन?" तेव्हा तो माणूस, ज्याने एसटीला मागे जायला लावलं होतं, सगळ्या सासुरवाडीसमोर मान खाली घालून म्हणाला, "माय, माह्याच्यानं उशीर झाला. ही रोवणीपासून म्हनत होती."

म्हातारीने त्यांना हाताने जवळ बोलावलं. "आले ना," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी ती गेली नाही. लेकीच्या हातची पेज पिऊन पुढे धान कापणीपर्यंत राहिली. काकीही तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी काकाजी निघायला लागले तर ती म्हणाली, "तुमी जा. माय हाय तवरक मी येत नाई." ऐकून मी पुन्हा थक्क. काकाजींनी नुसती मान हलवली. घरी चहासुद्धा करता येत नव्हता त्यांना. माझ्याकडून शिकले. आणि दर बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजी, मुरमुरे, सासूसाठी मऊ केळी घेऊन एसटीने जायचे. दोन गाड्या बदलून, उभ्याने. लोक विचारत, "काकाजी, बैल कुठं गेला?" म्हणायचे, "बैल बरा हाय. त्याच्या धन्याचा भरोसा नाई."

काकी आता थकली आहे, पण आहे. परवा फोनवर म्हणत होती, तिच्या मायजवळचे ते दिवस तिला अजून पुरतात. मी मात्र तिच्या मायइतकी चिवट नाही गं, कोणी येईल म्हणून कापणीपर्यंत थांबायची नाही. हस, हस. तू म्हणतेस परीक्षा झाली की येते, मग म्हणशील नोकरी लागली की येते. तसं नको. उद्या तो पट्टा बदलून जा, पण पुढच्या महिन्यात एखादा रविवार काढ आणि ये. न सांगता आलीस तरी चालेल. मी घरीच असते.